चमकायचं तर मागून चमका!

आधीच सांगून टाकतो. हा लेख गाड्यांवर आहे, पण यात मायलेज, टॉर्क, बीएचपी असलं काही नाही. त्यासाठी कुणी पान उघडलं असेल तर त्यानं सरळ पुढच्या कवितेवर जावं! हा लेख आहे एका चकचकीत पट्टीवर. दोन मिलिमीटर रुंद, केसापेक्षा पातळ.

आमच्या हॉस्टेलवर दोन-तीन जणांना स्केल मॉडेल्सचं वेड आहे. १:२४ मापाच्या गाड्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या. बॉडी घासायची, रंगवायची, काचा बसवायच्या, इथपर्यंत कुणालाही जमतं. घोडं अडतं ते क्रोमवर. खिडक्यांच्या कडेची पट्टी, ग्रिल, बंपर, हेडलाईटची रिंग. तिथं सिल्व्हर पेंट मारला की गाडी गॅदरिंगमधल्या राजाच्या मुकुटासारखी दिसायला लागते. याचं कारण साधं आहे. ब्रशनं मारलेल्या रंगाचा थर सहज पन्नास मायक्रॉन भरतो. त्याला चोविसानं गुणा. खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटरचा लेप दिल्यासारखं झालं ते! शिवाय रंगातले चंदेरी कण कसेही पडलेले असतात, त्यामुळे आरशासारखी चमक येतच नाही.

म्हणून मॉडेलवाले फॉइल वापरतात. अमेरिकेतली ‘बेअर-मेटल फॉइल’ या कामात प्रसिद्ध आहे. अगदी तलम ॲल्युमिनिअमचा पत्रा, मागं गोंद. जागा स्वच्छ पुसायची, फॉइलचा जरा मोठा तुकडा ठेवायचा, कान कोरायच्या कापसाच्या काडीनं हळूहळू दाबत न्यायचा, आणि कोऱ्या ब्लेडनं कडेकडेनं कापून उरलेलं सोलून काढायचं. सांगलीच्या बाजारात ती कुठली मिळायला! मग आमचे प्रयोग सुरू होतात. किचन फॉइल, चॉकलेटची चांदी, एसीच्या डक्टला लावतात ती टेप (ही फार जाड, वाया जाते). माझ्या आजीनं हे उद्योग बघून विचारलं, “काय रे, बेगड लावतोयस होय?” मी कॉन्व्हेंटमधला, मला बेगड हा शब्दच माहीत नव्हता. गणपतीच्या मखराला, ताबूताला लावतात तो चकचकीत कागद म्हणजे बेगड. आणि नुसती वरवर चमकणारी गोष्ट ती बेगडी. फॉइलला इतका नेमका मराठी शब्द असताना आम्ही वर्षभर ‘क्रोम फॉइल, क्रोम फॉइल’ करत होतो.

तसं पाहिलं तर क्रोम म्हणून आपण जे मिरवतो ते बहुतेक बेगडच असतं. फॉइलमध्ये क्रोमिअम नाही, ॲल्युमिनिअम आहे. खेळण्यातल्या गाडीचा ‘क्रोम’ बंपर म्हणजे व्हॅक्यूममध्ये प्लॅस्टिकवर चढवलेली ॲल्युमिनिअमची वाफ. आणि खऱ्या गाडीचा खरा क्रोम बंपर? त्यातही मुख्य थर निकेलचा. वरचा क्रोमिअम अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, निकेल काळवंडू नये म्हणून. शिवाय ही प्लेटिंग ज्या हेक्झाव्हॅलंट क्रोमिअमच्या बाथमध्ये होत आली, तो कॅन्सरला कारण ठरणारा पदार्थ आहे. तेवढ्या पातळ चमकेसाठी प्लेटिंग शॉपमधल्या कामगारानं काय श्वासात घेतलं असेल, हा प्रश्न आमच्या व्हायव्हात अजून कुणी विचारलेला नाही. असो.

आमच्या टेबलावर सध्या प्रीमियर पद्मिनी आहे. या गाडीचं आणि आपल्या भागाचं एक नातं आहे. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी. सांगलीत १९४७ साली सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजाला ज्यांचं नाव आहे, तेच हे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी ही गाडी २००० च्या आसपास बंद झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली. तिच्या अंगावरचं क्रोम बघा. जिथं पत्रा पत्र्याला भेटतो किंवा काच संपते, तिथंच पट्टी. बंपर चकचकीत, पण तो बंपरचं कामही करतो. पट्टीला तिथं असायचं काहीतरी कारण होतं.

आता आपल्या रस्त्यावर या. सातारा ते सांगली हा प्रवास मी महिन्यातून दोनदा तरी बाईकवर करतो. पुणे-बंगळूर हायवेनं (जुना एन.एच. ४, आता ४८) तासवडे टोलनाका, कराड, पेठ नाका, मग इस्लामपूर, आष्टा, सांगली. एवढ्या वाटेत चमकण्याचे जितके प्रकार दिसतात तितके दिवाळीतही दिसत नाहीत. बुलेटला क्रोमचे लेगगार्ड, त्यावर निळे एलईडी. जीपच्या पुढं पाईपाचा क्रोम बंपर, त्यावर चार जादा दिवे. कुणाच्या नंबरप्लेटवर ८०५५ चं ‘बॉस’ झालेलं, तर ४१४१ चं ‘दादा’. गंमत म्हणजे सरकारनं आणलेल्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटवर डाव्या कोपऱ्यात जो अशोकचक्राचा होलोग्राम असतो, तो खरोखर क्रोमिअमचा असतो, वीस बाय वीस मिलिमीटर. गाडीवरचं एकमेव कायदेशीर क्रोम फॉइल! आणि नेमकी तीच प्लेट लावायला लोकांनी मुदतवाढीवर मुदतवाढ घेतली.

वैताग आणणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसलो तर अंक पुरणार नाही. सर्व्हिस रोडवरून राँग साईडनं येणारे आहेत. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी हॉर्न देणारे आहेत. (‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी झाली, पण ट्रकवरून गेलेलं ते वाक्य लोकांच्या अंगठ्यात जाऊन बसलंय.) पण हे सगळं मी सहन करतो. लायसन काढलं तेव्हाच ते गृहीत धरलेलं आहे. दोन गोष्टी मात्र सहन होत नाहीत, कारण त्या दोन एकत्र आल्या की माणूस मरतो.

पहिली गोष्ट म्हणजे अप्परवर गाडी चालवणारे. डिपर नावाचं बटण गाडीला असतं हे ज्यांना शोरूममध्ये सांगितलेलंच नाही असे लोक. दुसरी गोष्ट, उसाची ट्रॉली.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मार्चपर्यंत आमच्या भागातला प्रत्येक रस्ता उसाचा होतो. शेंद्र्याचा अजिंक्यतारा, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा, सगळीकडे ट्रॅक्टरच्या रांगा. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस चारी बाजूंनी बाहेर आलेला. ट्रॅक्टर पुढून बघावा! क्रोमच्या पट्ट्या, गोंडे, रंगीत लायटिंग, देवाचं नाव, साउंडवर गाणी. नवरदेवच तो. मागून बघावं तर काहीही नाही. टेललाईट असलाच तर वायर तुटलेली, वायर असली तर दिव्यावर उसाचं वाढं लोंबतंय. काळोखात तपकिरी-हिरवा, अजिबात न चमकणारा ढीग, वीसच्या स्पीडनं सरकणारा किंवा टायर फुटला म्हणून रस्त्यातच थांबलेला.

थोडं गणित करू, शेवटी इंजिनिअरिंगचं मॅगझिन आहे. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, पंचवीस मीटर तिथंच गेले. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेकचं मंदन सेकंदवर्गाला सहा मीटर धरलं तर आणखी तेवीस मीटर. झाले अठ्ठेचाळीस. आपल्या बाईकचा डिपरवरचा कामाचा उजेड तीस-चाळीस मीटर. म्हणजे समोरून कुणी अप्पर मारत नसतानाही आकडे जुळत नाहीत! आणि अप्पर मारत असेल तर डोळ्यांसमोर पांढरा पडदाच. दर हंगामात पेपरात कोपऱ्यात बातमी येते, “उसाच्या ट्रॉलीला धडकून दुचाकीस्वार ठार.” आपण वाचतो आणि पान उलटतो. त्यात वयाचा आकडा बहुधा आपल्याच आसपासचा असतो.

इथं मला त्या फॉइलकडे परत यायचंय. कुणी म्हणेल, मग ट्रॉलीला मागं क्रोमची पट्टी लावा की. तर नाही, ती उपयोगाची नाही. क्रोम म्हणजे आरसा. उजेड जितक्या कोनात येतो तितक्याच कोनात पलीकडे जातो. तुमच्या हेडलाईटचा उजेड तिरक्या पट्टीवर पडला की तो उसाच्या शेतात जाईल, तुमच्या डोळ्यांत नाही. इथं रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह टेप लागते. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात आणि उजेड जिकडून आला तिकडेच ते परत पाठवतात. रस्त्यावरचे ‘कॅट्स आय’ याच तत्त्वावर, पर्सी शॉ नावाच्या इंग्रज माणसानं १९३४ साली पेटंट घेतलेले. दिवसा ही टेप अगदी मळकट दिसते, क्रोमसमोर गरीब. पण रात्री शे-दोनशे मीटरवरून लालभडक पेटते, बॅटरी नाही, वायर नाही. रंगही ठरलेले आहेत : पुढं पांढरा, बाजूला पिवळा, मागं लाल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०४ रिफ्लेक्टरचाच आहे. म्हणजे कायदा आपल्या जन्माच्या आधीपासून आहे.

एकदा पेठ नाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर एका ट्रॅक्टरवाल्या मामांना विचारलं, मागं काहीच का नाही? ते म्हणाले, “आरं पोरा, पुढचं मी बघतोय, मागचं मागच्यानं बघावं की!” हसायला आलं खरं, पण मग ते बोलत राहिले. ट्रॉली भाड्याची. रात्रंदिवस फेऱ्या, कारखान्याच्या गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास रांग. हंगामाच्या सुरुवातीला साहेब लोक येऊन रिफ्लेक्टर चिकटवून गेले, फोटो काढला. दुसऱ्याच खेपेला उसानं तो झाकला, चौथ्या खेपेला खरवडून निघाला. “मग आमी काय रोज चिकटवत बसू?” त्यांचं म्हणणं मला पटलं. दोष सगळा त्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. रिफ्लेक्टर ट्रॉलीच्या पत्र्यावर लावायचा हीच डिझाईनची चूक आहे. मागून येणाऱ्याला पत्रा दिसतच नाही, दिसतो तो ऊस. तेव्हा टेप उसावर पाहिजे.

म्हणजे काय, तर जाड कापडाचा किंवा ताडपत्रीचा दोन-अडीच फुटांचा पट्टा, त्यावर लाल टेप शिवलेली, वर दोन हूक. ऊस भरून दोर आवळला की शेवटी हा पट्टा दोराला मागं अडकवायचा, रिकामं झालं की सीटखाली टाकायचा. मळला तर धुता येतो. ट्रॉली कुणाचीही असो, पट्टा ड्रायव्हरचा. यात नवीन शोध काही नाही, कुठं कुठं लोकांनी असं केलेलंही आहे. मग ते सगळीकडे का नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर ट्रॉलीला पट्टा नसेल तर कारखान्यानं गव्हाणीवर नंबरच देऊ नये. दंडाच्या पावतीपेक्षा नंबर हुकण्याची भीती मोठी, हे मामांशी बोलताना कळलं.

आणि आपण? आपल्या बाहाच्या गाडीला ब्रेक लाईट पेटला नाही तर टेक्निकल इन्स्पेक्शनवाले ट्रॅकवर सोडत नाहीत, म्हणून आपले सीनिअर रात्र-रात्र वायरिंग करत बसतात. ती गाडी वर्षातून चार दिवस पळते, तीही दिवसा, बंद मैदानात. त्याच वर्कशॉपच्या कंपाउंडबाहेरून रोज रात्री पन्नास-साठ ट्रॉल्या आंधळ्या जातात. एन.एस.एस.च्या कॅम्पला दरवर्षी आपण त्याच त्या गावात तीच ती भिंत रंगवतो. त्याऐवजी एक आठवडा पट्टे शिवले तर? खर्च म्हणाल तर, मेसला कंटाळून आपण रविवारी बाहेर जेवायला जातो ना, साधारण त्या बिलात एका ट्रॅक्टरच्या दोन्ही ट्रॉल्यांचं भागेल.

यंदाच्या हंगामाला अजून वेळ आहे. कापड आणि टेप यांची चौकशी मी आणि माझ्या रूम पार्टनरनं सुरू केली आहे. शिवणयंत्र चालवता येणारं कुणी असेल तर फार बरं होईल (लेडीज हॉस्टेलकडे बघून हे लिहीत नाहीये, आमच्या मजल्यावरचा एकजण उत्तम शिवतो, पण तो एकटाच आहे). टेप कापायला यायचं असेल त्यांनी कोरी ब्लेडं आणावीत. जुन्या ब्लेडनं कडा दातेरी येते, आणि मग ती कडेकडेनं सुटते.