पट्टीला नवरा दिसत नाही

लग्नाला वर्ष उलटलं की कोल्हापुरात सुनेला चहाच्या कपाबरोबर ‘मग, काय विशेष?’ हा प्रश्न मिळतो. मंगळवार-शुक्रवारी अंबाबाईची ओटी, जोतिबाला नवस, सगळं चारचौघांत. त्याच सुनेनं अंडं कधी फुटणार ते सांगणारी पट्टी मेडिकलमधून आणली, तर ती मात्र कागदात गुंडाळून, पर्सच्या तळाशी. नवस उघड आणि लघवीची तपासणी चोरून!

पहिला आक्षेप सासूबाईंचा. “आमच्या वेळी कुठं होतं असलं? सहा-सहा पोरं झालीच की.” झाली खरी. पण ज्यांना झाली नाहीत, त्या या हिशेबात नसतात. त्यांच्या वाट्याला सवत आली. शिवाय दिवस मोजणं हे काही नवं खूळ नव्हे. जुन्या शास्त्रांनीही सोळा रात्रींचा ऋतुकाल मोजला, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य सांगितल्या. तेव्हा मोजणारे शास्त्री होते, आता बाई स्वतः मोजते. खुपतं ते एवढंच.

आणि नीट मोजायला आधार लागतो. ‘चौदावा दिवस’ हे तोंडपाठ उत्तर अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचं. पाळी पस्तीस दिवसांनी येत असेल तर अंडं साधारण एकविसाव्या दिवशी फुटतं. फुटण्याआधी 24 ते 36 तास एलएच नावाचं संप्रेरक एकदम वाढतं, ते लघवीत उतरतं, पट्टीवरची रेघ गडद होते. फुटलेलं अंडं जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत. म्हणजे महिन्यातले कामाचे दिवस सहाच, आणि ते अंडं फुटतं त्या दिवशी संपतात. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात पट्टीविना 18 टक्के जोडप्यांना दिवस जात असतील, तर पट्टीच्या आधारानं 20 ते 28 टक्क्यांना जातील, असा अंदाज निघाला. चमत्कार नाही, पण फुकटही गेली नाही पट्टी.

आता विकणाऱ्यांकडे वळू. खोक्यावरचे ‘99 टक्के अचूक’ हे शब्द संप्रेरक ओळखण्याबद्दल असतात. पाळणा हलण्याची ती हमी नव्हे. पीसीओडी असलेल्या बाईचं एलएच एरवीही चढं असू शकतं. रेघ चार-चार दिवस गडद, आणि अंडं फुटलेलंच नाही. नळी बंद असेल तर पट्टीला पत्ता नाही. ‘ताण वाढतो’ हा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करते. रेघ आली म्हणून नवऱ्याला शिफ्टवरून बोलावणं म्हणजे संसाराची हजेरी-वही करणं. ज्यांना हे जड जातं त्यांनी पट्टी ठेवून द्यावी. पाळी संपल्यापासून एक-दोन दिवसांआड जवळ येणं पुरतं.

एका गैरवापराबद्दल मात्र मला जराही सवलत द्यायची नाही. ‘रेघ आली त्याच दिवशी, म्हणजे मुलगाच’ हे कानात सांगणारे भेटतात. सम-विषम रात्रींच्या जुन्या समजुतीला नवी पट्टी चिकटवलेली, एवढंच. 1995 मध्ये विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 221 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. संबंध कोणत्या दिवशी आला याचा बाळाच्या लिंगाशी काही मेळ लागला नाही. ज्या जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत हजार मुलांमागे 839 मुली उरल्या होत्या, ज्या जिल्ह्यानं पुढे सोनोग्राफी यंत्रांवर तपासणीची नोंद ठेवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवून पाहिला, तिथं ही कुजबुज निरुपद्रवी म्हणून सोडता येत नाही. 2011 ला आकडा 863 झाला. अजून पुष्कळ चालायचंय.

आणि पट्टीचा खरा दोष कोणी बोलतच नाही: ती फक्त बाईचं सांगते. महिनोन् महिने तिच्याच लघवीत उत्तर शोधायचं, आणि निम्म्याच्या आसपास जोडप्यांत कारण पुरुषाकडचंही असतं! शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत भट्टीसमोर आठ-आठ तास उभे राहणारे नवरे आपल्याकडे कमी नाहीत. शुक्रजंतू तयार व्हायला अंगापेक्षा थोडा गारवा लागतो. सततची धग त्यांना मानवत नाही. हे कोणत्याही पट्टीवर उमटणार नाही. वीर्यतपासणीत उमटतं. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, झालं. सुई नाही, भूल नाही. तरी बायकोच्या तीन सोनोग्राफ्या झाल्याशिवाय नवरा लॅबची पायरी चढत नाही.

म्हणून पट्टी आणावी, आणि नवऱ्यानं आणावी. मेडिकलवाल्याकडे नाव घेऊन मागावी, कागदात न गुंडाळता. दिवस धरूनही वर्षभरात काही झालं नाही, बाई पस्तिशीपुढची असली तर सहा महिन्यांत, किंवा पाळीच अनियमित असली तर त्याआधीच, डॉक्टर गाठावा. जाताना फाइलमध्ये वरचा कागद त्याच्या रिपोर्टचा असू दे.