आंबा दहा दिवसांचा, तक्रार पंचेचाळीस दिवसांची

2025 चा हंगाम पावसानेच आटोपला. 25 मे रोजी मोसमी पाऊस देवगडात दाखल झाला आणि झाडावर राहिलेल्या फळाचा प्रश्न मिटला. त्याबद्दल, थ्रिप्सबद्दल आणि कॅनिंगच्या दराबद्दल आतल्या पानांत सविस्तर आहे. ही जागा आम्ही दुसऱ्या दुखण्यासाठी राखली, कारण या महिन्यातली सर्वांत संतापलेली पत्रे फवारणीबद्दलची नाहीत, फोनबद्दलची आहेत. ऐन हंगामात मेसेजच्या ॲपवरचे खाते बंद पडल्याची ही पत्रे.

त्यातले एक पत्र देवगड तालुक्यातले आहे. 30 एप्रिलला अक्षय तृतीया. आदल्या दुपारी पडवीत पेट्या भरून तयार होत्या, पाच डझनी एका बाजूला, दोन डझनी दुसऱ्या बाजूला, प्रत्येकीवर काढणीची तारीख. पुण्याची गाडी रात्री निघायची होती. पत्ते उतरवून घ्यायला मुलाने फोन उघडला, तर खाते बंद. कारण काय, तर नियमांचे उल्लंघन. कोणत्या नियमाचे, ते कुठेही लिहिलेले नाही. पत्ते त्या फोनात, कोणाला कच्चा हवा नि कोणाला पिकलेला ते त्या फोनात. बँकेच्या नोंदीत पैसे पाठवणाऱ्यांची नावे सापडली, पण नावावर पेटी पोचत नाही. तिकडे पुण्यातल्या गिऱ्हाइकांची समजूत एकच झाली: ॲडव्हान्स घेऊन बागायतदार पळाला. जेवढे पत्ते आठवणीतून जुळले तेवढ्या पेट्या गेल्या. उरलेला माल मिळेल त्या भावाने कॅनिंगला.

वाशीच्या अडतीला कंटाळून आपण थेट विक्रीकडे वळलो. पट्टी हाती पडेपर्यंत भाव कळायचा नाही, हे खरेच. पण अडत्याशी निदान गाळ्यावर जाऊन भांडता यायचे. इथे भांडायचे कोणाशी?

कायद्यात उत्तर आहे, आणि ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे मेसेजचे ॲप चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची आणि निवारण, 2025 च्या हंगामात होती त्या मुदतीप्रमाणे, 15 दिवसांत करायचे. उत्तर पटले नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. 2023 पासून अशा तीन समित्या काम करतात. त्यांनी अपील 30 दिवसांत निकाली काढण्याचा ‘प्रयत्न’ करायचा आहे. आता त्या हंगामाचा हिशेब मांडा. 30 एप्रिलला तक्रार केली, तर कंपनीला 15 मेपर्यंत मुदत. त्याच दिवशी अपील केले, तर निकाल 14 जूनच्या आसपास, तोही प्रयत्न फळाला आला तर. चौदा आणे तयार झालेले फळ काढून आढीत घातले की आठ-दहा दिवसांत पिकते. समितीचा निकाल येईल तेव्हा बागेत पुढच्या वर्षासाठी खताचे चर खणणे सुरू असेल.

नियम करणाऱ्यांना घाई कळत नाही असे नाही. कोणाची खासगी छायाचित्रे पसरवली, तर ती 24 तासांत हटवण्याची तरतूद 2025 मध्ये याच नियमांत होती, आणि ती योग्यच होती. म्हणजे जलद रस्ता काढता येतो. नाशवंत मालाचा विचार मात्र मसुदा करताना कोणाच्या डोक्यात आला नाही. आणि आपले अधिकारी? त्यांच्या ‘डिजिटल विपणन’ शिबिरांत रील कशी कापायची, हॅशटॅग किती लावायचे, सगळे शिकवतात. तक्रार अधिकारी नावाचा माणूस असतो आणि त्याला लिहिता येते, हे पत्रे लिहिणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

आता थोडे आपल्याच मंडळींबद्दल. बंद पडलेली सगळी खाती निरपराध नाहीत. नंबरांच्या याद्या विकणारे दलाल गावोगाव फिरतात. त्यांच्याकडून यादी घ्यायची, कुठले तरी सॉफ्टवेअर लावून अनोळखी माणसांवर मेसेजचा मारा करायचा, आणि शंभर जणांनी ‘रिपोर्ट’ दाबले की डोक्याला हात लावून बसायचे, हा प्रकार थांबला पाहिजे. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो. ही अडचण समजू नका, गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा. दुसऱ्याच्या बागेचा फोटो आपल्या पानावर चिकटवणारे आणि कर्नाटकचा माल ‘देवगड’ म्हणून स्टेटसला टाकणारे यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, खोट्या वापराला किमान सहा महिन्यांच्या कैदेची तरतूद आहे, आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीचे शुल्क 2020 मध्ये 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आले. दहा रुपये! तरी निम्मी मंडळी अजून ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत आहेत. उद्या खाते परत मागताना आपण खरे बागायतदार आहोत हे दाखवायला हाच कागद हाताशी लागेल.

ऑर्डरची वही ठेवा. कागदाची. नाव, पत्ता, फोन, किती डझन, किती जमा. रोज संध्याकाळी पेट्या बांधून झाल्या की दहा मिनिटे. आजोबांच्या काळी ती होती, आपण ती बंद केली.

ज्यांचे खाते या हंगामात बंद पडले, त्यांनी 15 जुलैपूर्वी मासिकाच्या पत्त्यावर चार गोष्टी पाठवाव्यात: खाते बंद झाल्याची तारीख, पडद्यावर आलेल्या मजकुराचा फोटो, तक्रार केली असल्यास तिचा क्रमांक, आणि त्या आठवड्यात कॅनिंगला गेलेल्या मालाची पावती. नाशवंत मालाच्या विक्रेत्यांची तक्रार 48 तासांत निकाली निघावी, असे निवेदन आम्ही केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला देणार आहोत. पावत्या फाडून टाकल्या असतील तर कारखान्याकडून दुसरी प्रत मागून घ्या. नुसत्या संतापाची पत्रे आमच्याकडे पुरेशी झाली आहेत.