आधी लाईन, मग मशीन

नवं ऑफिस थाटताना आपली मुलं रंग, फर्निचर, पाटी यांच्याबरोबर इंटरकॉमचं मशीनही पसंत करून टाकतात. ईपीएबीएक्स म्हणतात ते हेच. फोनची लाईन कोणत्या कंपनीची घ्यायची, हा विचार अगदी शेवटी. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. पत्रिका न बघता मांडव घालण्यातला प्रकार!

माझ्या पुतण्याने तालुक्याच्या गावी छोटंसं इस्पितळ काढलं आणि चांगलं महागाचं मशीन बसवलं. झालं असं की, पलीकडच्याने फोन ठेवला तरी मशीनला ते कळेचना. लाईन तशीच अडकून राहायची. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजणार, पाऊण सेकंद थांबणार. अमेरिकेत तोच ४८० आणि ६२० हर्ट्झ अशा दोन स्वरांचा, अर्ध्या अर्ध्या सेकंदाचा. मशीनची मांडणी तिकडची, लाईन इकडची. मशीनवाला म्हणे लाईनमध्ये दोष आहे, लाईनवाले म्हणत मशीन तपासा. या टोलवाटोलवीत चार दिवस गेले. रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन निघालेल्या माणसांना इस्पितळाचा फोन एंगेज लागावा, ही काही साधी गोष्ट नव्हे.

लाईनचे ढोबळ प्रकार तीन. पहिली आपली जुनी तांब्याची तार, एका वेळी एकच संभाषण. दुसरी पीआरआय, तिच्यावर आपल्याकडे एका वेळी तीस संभाषणं चालतात. तिसरी सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटच्या तंत्राने येणारी लाईन. प्रत्येकीसाठी मशीनमध्ये वेगळी सोय लागते. आणि सिपचा नियम १९९९ पासून लिहिलेला असला, २००२ मध्ये सुधारलेला असला, तरी व्याकरण एक आणि बोली अनेक अशी गत आहे. एक कंपनी नाव आणि पासवर्ड मागते, दुसरी इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखते. कुणाला नंबरामागे +९१ हवं, कुणाला शून्य. ही बोली जुळली नाही तर फोन लागतो पण आवाज एकाच बाजूने येतो, किंवा 'एक दाबा' म्हटल्यावर एक दाबून काहीच होत नाही.

विक्रेते टीईसीचं सरकारी प्रमाणपत्र दाखवतात. ते असायलाच हवं. पण मशीन देशात वापरायला योग्य आहे एवढंच ते सांगतं. तुमच्या कंपनीच्या लाईनवर तुमच्या गावात ते नीट बोलेल, याची हमी त्यात नसते.

कुणी म्हणेल, आधी कंपनी ठरवली की तिच्याच दावणीला बांधलं जातो. मुद्दा खरा आहे. पण मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे, लँडलाईनला मात्र ती नाही. पाटीवर आणि पेशंटच्या फायलींवर छापलेला नंबर कंपनीबरोबरच राहतो. म्हणजे बांधलं जायचंच आहे, तर डोळे उघडे ठेवून बांधून घ्यावं. शिवाय पीआरआय आणि सिप दोन्ही चालणारं मशीन घ्यावं. ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारेवरचं जुनं जाळं जानेवारी २०२७ अखेर बंद करायचं ठरलं आहे, तेव्हा फक्त जुन्या तारेपुरतं मशीन घेण्यात शहाणपण नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पैसे देण्याआधी दोन्हीकडच्या माणसांना एका टेबलाशी बसवा. या मॉडेलवर ही लाईन चालते, असं दोघांकडूनही लेखी घ्या. मग समोर फोन लावून बघा: आत येणारा, बाहेर जाणारा, ठेवल्यावर लाईन सुटते का तेही. शेवटी मेन स्विच बंद करा आणि पुन्हा लावा. तांब्याच्या साध्या फोनला वीज एक्स्चेंजकडून यायची, म्हणून घरचे दिवे गेले तरी तो चालायचा. नव्या मशीनला बॅटरी लागते, आणि इंटरनेटच्या डब्यालाही लागते हे बरेच जण विसरतात.

असो. तुमच्यापैकी कुणी दुकान, दवाखाना, क्लास काढत असेल तर त्याला एवढं जरूर सांगा.