लूपिंगला दोष कशाला?



‘एकाच फेजवर बोर्डातली सगळी बटणे जोडणे धोक्याचे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. दिव्यांच्या बोर्डात फेज एका बटणावरून दुसऱ्यावर लूप करणे ही रूढ, योग्य पद्धत आहे. बटणे कितीही असोत, वायरवर भार येतो तो दिव्या-पंख्यांचा. म्हणूनच एका लाइट सर्किटवर 10 पॉइंट आणि 800 वॉट ही मर्यादा पाळतात.

भीती बाळगायची ती ढिल्या स्क्रूची आणि फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेल्या बटणाची. अशा बटणाने दिवा विझतो, होल्डरमध्ये करंट मात्र राहतो. त्याच लूपवरून गिझर ओढणाऱ्याला मात्र पत्रलेखकांनी खुशाल झोडावे; त्यात मीही सामील. वाचकांनी काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

— एक वायरमन, मिरज