कुरणातली शाळा आणि खिशातला संगणक

१७ मार्च हा बालशिक्षणात काम करणाऱ्या अनुताई वाघ यांचा जन्मदिवस. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाने त्या दिवशी डहाणूच्या कोसबाड टेकडीची आठवण काढावी, याला माझ्या दृष्टीने सबळ कारण आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई त्या कामात आल्या. माँटेसरी पद्धतीची शहरी साधनं खेड्याला न परवडणारी. म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या हीच साधनं झाली. मोजणं, लावणं, वेगळं करणं हे सगळं मूल त्यांवरच शिकू लागलं. १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं. तिथे वारली आदिवासींची पोरं शाळेत येईनात, कारण दिवसभर गुरं राखायची असत. गुरं सोडली तर घरचं काम अडणार. मग शाळाच गुरांमागे गेली आणि कुरणशाळा उभी राहिली. मुलाच्या दिवसाला धक्का न लावता त्या दिवसातच शिकणं बसवायचं, हा त्यामागचा विचार. साधनं घडवण्याचं याहून नेमकं सूत्र मला माझ्या व्यवसायातल्या पुस्तकांत क्वचितच सापडलं.

मुलापासून सुरुवात करणारा असाच विचार संगणकाच्या जगातही झाला होता. १९७२ मध्ये, अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या अ‍ॅलन के यांनी एका निबंधात वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. त्यात दोन मुलं गवतावर बसून संगणकावर खेळताहेत आणि खेळात सूर्याचं गुरुत्वाकर्षण हवं म्हणून त्याचा प्रोग्रॅम स्वतःच बदलताहेत. वैयक्तिक संगणकाचं हे आरंभीचं चित्र शिकणाऱ्या मुलाचं होतं. मुलाने यंत्र चालवावं, हवं तसं बदलावं, ही त्यातली अपेक्षा.

तो संगणक आज आपल्या खिशात आहे. कामांच्या याद्या, वेळ मोजणारी घड्याळं, नोंदींची अ‍ॅप्स मीही रोज वापरतो आणि त्यांचा उपयोग होतो. पण शिकणं त्याहून वेगळं: नवी संगणकभाषा अंगवळणी पडते ती स्वतःला हवं असलेलं काहीतरी लहानसं बांधताना. ते बिघडतं, मग का बिघडलं याचा शोध घेताना. दिवसभरात किती कामांवर खूण केली, यावरून हे शिकणं मोजता येत नाही. आपल्या अ‍ॅप्सना मात्र मोजणंच जास्त जमतं.

अशा मोजणाऱ्या अ‍ॅपचं एक उदाहरण विसरता येत नाही: २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोनची क्षमता कमी, ते सारखे बंद पडायचे आणि मुलांच्या पोषणाची माहिती भरायचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप तेव्हा इंग्रजीत होतं. ज्या बालशिक्षणाची वाट ताराबाई-अनुताईंनी कोसबाडला पाडली, त्याच वाटेवर काम करणाऱ्या या बाया. त्यांच्या हाती दिलेलं साधन बनवताना त्यांचा दिवस कोणी पाहिला होता का? मला हा प्रश्न आपल्या साऱ्या व्यवसायाला विचारावासा वाटतो, कारण असं अ‍ॅप शेवटी आमच्यासारखाच कोणीतरी लिहितो.

तलासरीच्या पाड्यावर घरात वारली बोलणारं मूल असतं, वीटभट्टीच्या हंगामात गाव सोडून जाणारं कुटुंब असतं. मोबाइलची रेंज आणि शाळेत रोज येणारं मूल गृहीत धरून लिहिलेलं अ‍ॅप इथे पहिल्याच दिवशी अडतं. म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी सेविकेसोबत एक दिवस बसावं. अ‍ॅप रेंजशिवाय चालावं, मराठीत बोलावं आणि मूल दुसऱ्या तालुक्यात गेलं तर त्याची नोंद त्याच्यामागे जावी. आणि भरलेली माहिती सेविकेला तिथल्या तिथे कामी यावी: कोणत्या बाळाचं वजन गेल्या महिन्यापेक्षा घटलं, हे तिला त्याच्या आईला पडद्यावर दाखवता यावं.