पुडीच्या बाबतीत आपण एवढे नरम का?

महाराष्ट्रात गुटखा आणि पान मसाला जुलै २०१२ पासून बंद आहे. हे वाक्य शिरपूर जैनच्या कुठल्याही टपरीवर मोठ्याने म्हणून बघा, लोक हसतील. बंद म्हणजे एवढंच की पुड्यांच्या माळा आता समोर टांगलेल्या नसतात. माल गल्ल्याखालून निघतो आणि छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात.

गंमत अशी की गुटखा बंद करायला सरकारला आधी त्याला अन्न मानावं लागतं. २००२ मध्ये राज्याने पाच वर्षांची बंदी घातली होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण ज्याने आदेश काढला त्याला तो अधिकारच नव्हता. मग २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. त्याच्या कलम ३० नुसार अन्न सुरक्षा आयुक्तांना एखादा पदार्थ बंद करता येतो, पण एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. म्हणून दरवर्षी नवा आदेश निघतो. सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा, खर्रा हेही पुढे त्यात आले. उत्पादन, साठा, वाहतूक, वितरण, विक्री, सगळं बंद. म्हणजे किराणा दुकान आलं, बेकरी आली, चहाची टपरीही आली.

आदेश पूर्ण साखळीसाठी आहे, पण हात पडतो तो बहुतेक वेळा शेवटच्या कडीवर. बातमी ठरलेली असते: इतका माल जप्त, एक जण ताब्यात. तो एक जण म्हणजे टपरीवाला, नाहीतर गाडीचा ड्रायव्हर. माल कुठल्या कारखान्यात बनला, कुणाच्या गोदामात उतरला, पैसे कुणाकडे गेले, हे पुढच्या बातमीत क्वचितच येतं. अन्न कायद्यासोबत विषारी पदार्थ देण्याचं कलमही लावलं जातं. त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेती नाही, नोकरी नाही, थोड्या भांडवलात टपरी टाकलेली, असा पोरगा त्यात अडकतो आणि कारखानदाराचं नावही कागदावर येत नाही. त्यात पोराचं नाव मुसलमानाचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर बातमीला वेगळाच रंग चढतो. ‘आमचीच पोरं का?’ हा प्रश्न आपण विचारतो आणि तो रास्त आहे.

पण तो विचारताना आपल्याच गालात पुडी असेल तर ऐकणार कोण?

आपल्या मोहल्ल्यात कुणी दारू पिऊन मशिदीच्या रस्त्याने गेला तर दहा जण बोलतात. पुडीवाला मात्र वजूखान्यात चूळ भरतो आणि सरळ सफमध्ये उभा राहतो. लग्नात, मंगनीत सुपारी वाटली जाते, लहान मुलांच्या हातातसुद्धा. मी फतवा देणारा कुणी नाही, उलेमांनी यावर भरपूर लिहिलं आहे. पण आपल्या हाताने स्वतःला बरबादीत टाकू नका, हा हुकूम सूरह बकरामध्ये आहे हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असतं. तो फक्त बाटलीला लागू आणि पुडीला माफ, हे कुणी ठरवलं?

‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ असं सांगणारे खूप आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीला, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याआधीची पायरी अनेकांनी घरात पाहिली असेल: तिखट लागलं की तोंडात आग होते, मग हळूहळू तोंड उघडायचं कमी होतं, घास आत जात नाही. विशी-पंचविशीतल्या पोरांचं हे होतं. एकदा आखडलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही.

सुटत नाही, असंही म्हणतात. मग रमजानमध्ये काय होतं? सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास तोच माणूस पुडीला हात लावत नाही, महिनाभर. मगरिबनंतर खजुरामागोमाग पुडी येते ही गोष्ट वेगळी, पण शरीर तेवढा वेळ सोसू शकतं हे तर सिद्ध झालं. दारूबंदीचा हुकूमसुद्धा मदिन्यात एका दिवसात उतरला नव्हता. आधी नुकसान समजावलं, मग नशेत नमाजला येऊ नका म्हटलं, शेवटी पूर्ण मनाई. लोक तोवर तयार झाले होते. आपल्याकडे दरवर्षी थेट शेवटचा आदेश निघतो आणि मधल्या पायऱ्यांचं काम कुणीच करत नाही. हे काम मशीद कमिटी करू शकते, तरुणांचे गट करू शकतात. जुम्याच्या बयानात वर्षातून दोनदा सुपारीचं नाव आलं तरी सुरुवात होईल.

आणि टपरीवाल्या भावाशी बोलताना त्याला गुन्हेगार समजून बोलू नका. पुडी काढली तर त्या जागी काय विकशील, हिशेब बसेल का, हे त्याच्यासोबत बसून काढा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि अल्पवयीन मुलाला दिली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेही त्याला आधी आपणच सांगितलेलं बरं, पोलिसांनी सांगण्यापेक्षा.

तक्रार करायचीच तर पोत्यांच्या मालकाची करा. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. जप्ती झाली की माहिती अधिकारात अर्ज टाका: माल कुणाकडून आला याचा तपास कुठवर गेला, उत्पादकावर गुन्हा दाखल झाला का, मागच्या तीन वर्षांत किती खटल्यांत शिक्षा झाली. ज्याला स्वतःची सोडायची आहे त्याच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो.