गणवेशाची शिलाई आणि शिवणारीची मजुरी

जून महिना जवळ आला म्हणजे आमच्या शहापूर-मुरबाडकडील पालकांस दोन चिंता पडतात. एक पावसाची व दुसरी मुलांच्या गणवेशाची. पाऊस कोणाच्या हातीं नाहीं. गणवेश मात्र मनुष्याच्या हातचा आहे; आणि तो कोणाच्या हातून, किती मजुरींत व कोणत्या स्थितींत शिवून येतो याचा विचार आपण पालक, शिक्षक व विद्यार्थी क्वचितच करितों. हल्लीं शहरांतून न्यायानें शिवलेला कपडा म्हणून माल विकणारीं दुकानें निघालीं आहेत, व अशा व्यापारानें समाजाचें कल्याण होतें असें म्हटलें जातें. हें म्हणणें कितपत खरें आहे व आमच्या दोन तालुक्यांस तें कितपत लागू पडतें, हें येथें पाहावयाचें आहे.

म्हशाच्या जत्रेंत घोंगडी घेणारा शेतकरी ती हातांत घेऊन चोळून पाहतो, उजेडाकडे धरतो, विकणाराशीं दोन शब्द बोलतो. तयार कपड्यांच्या दुकानांत किंमत दिसते, रंग दिसतो. शिवणारी बाई दिसत नाहीं. न दिसणाऱ्या मनुष्याचें काय होतें, तें २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळ सावर येथें जगास कळलें. राणा प्लाझा नांवाच्या आठमजली इमारतीस आदल्या दिवशीं तडे गेलेले दिसले होते. तरी दुसऱ्या दिवशीं सकाळीं कामगारांस आंत बोलाविण्यांत आलें. इमारत कोसळली व अकराशेंहून अधिक माणसें मेलीं. ढिगाऱ्यांत पाश्चात्त्य देशांतील नामांकित दुकानांच्या चिठ्या सांपडल्या. आपला माल तेथें शिवला जातो हें त्यांपैकीं कांहींस ठाऊकच नव्हतें, म्हणे! आमच्या मतें हें ठाऊक नसणें हाच अपराधाचा मोठा भाग होय. कारण स्वस्त भावासाठीं चौकशी करणारास मजुरीचीहि चौकशी करितां आली असती.

आपल्या देशांत हा प्रश्न आजचा नाहीं. अखिल भारत चरखा संघ १९२५ सालीं स्थापन झाला. देशप्रेमानें खादी घेणारे लोक पुष्कळ होते. परंतु ती कातणाऱ्या बाईस दिवसभराचे दोन-चार पैसे मिळतात इकडे कोणाचें लक्ष नव्हतें. वर्ध्याजवळ नालवाडी येथें विनोबा भावे यांनीं रोज कित्येक तास स्वतः कातून, कातणारास मिळणाऱ्या मजुरींतच आपला निर्वाह करून पाहिला. मजुरी ठरविणाऱ्या प्रत्येकास लागू करावी अशी याहून सोपी परीक्षा आम्हांस तरी ठाऊक नाहीं. १९३५ मध्यें गांधीजींनीं असा आग्रह धरिला कीं, आठ तासांच्या कामास आठ आणे मिळावे. खादी महागेल, खप बसेल, अशी भीति संघाच्या कार्यकर्त्यांनींच बोलून दाखविली. संघ आठ आण्यांपर्यंत पोंचला नाहीं; पण मजुरी वाढली, आणि ज्या खादीनें कातणारीचें पोट भरत नाहीं ती खादी कशाची, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत गेला.

अलीकडचीं उदाहरणें आपल्या शेजारींच आहेत. मुंबईस अंधेरीच्या झोपडपट्टींतील स्त्रियांकरितां सिस्टर इसाबेल मार्टिन या स्पॅनिश मिशनरी बाईंनीं १९८४ मध्यें ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ ही संस्था काढिली. तेथें शिवलेले कपडे न्याय्य व्यापाराच्या मार्गानें परदेशीं जातात. पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत असलेल्या व २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेलेल्या चारोटी गांवीं अनिता डोंगरे यांच्या संस्थेनें खेड्यांतील बायकांसाठीं शिवणकेंद्र चालविलें आहे. अशा ठिकाणीं केवळ शिवण शिकवून बायकांस वाऱ्यावर सोडीत नाहींत, पुढें कामहि देतात, हें आम्ही मुख्य मानितों. शिवणयंत्र वांटण्याचे समारंभ आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. काम नसल्यामुळें त्या यंत्रावर घड्या घातलेल्या गोधड्या ठेविलेल्याहि पाहिल्या आहेत.

तथापि, चांगला हेतु म्हणजे चांगली व्यवस्था नव्हे. याचा दाखला सर्व महाराष्ट्रानें २०२४-२५ या शाळावर्षांत पाहिला. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांचे गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या मार्फत बचत गटांतील स्त्रियांकडून शिवून घ्यावयाचें ठरलें. कल्पना उत्तम. परंतु कापड एकाच ठिकाणाहून राज्यभर यावयाचें. तें उशिरा आलें. शाळा उघडून महिने लोटले तरी कित्येक मुलें जुन्याच कपड्यांत बसलीं, आणि जे गणवेश आले त्यांतील कित्येकांचीं मापें चुकलीं. डिसेंबर २०२४ मध्यें सरकारनें तें काम पुढील वर्षापासून पुनः शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोंपविलें. दोष मात्र पुष्कळांनीं बायकांच्या माथीं मारला.

आतां मजुरी पाहा. त्याच वर्षीं दुसरा, म्हणजे स्काउट-गाइडचा गणवेश शिवून घेण्यास समितीस १०० रुपये शिलाई व १० रुपये किरकोळ खर्च असा दर ठरला होता. समजा, एका बाईनें घरच्या यंत्रावर दिवसास दोन गणवेश पुरे केले, तर दोनशें रुपये झाले; तीन केले तर तीनशें, आणि त्यांतून दोरा, सुई, तेल व वीज वजा जातां काय उरेल तें विद्यार्थ्यांनीं पाटीवर मांडून पाहावें. त्या वर्षीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसास २९७ रुपये होता. म्हणजे माती उचलणारीला जें मिळे, तेंहि काज-बटणाचें कौशल्य असलेल्या बाईस सहजीं सुटत नव्हतें. अशा दरानें घेतलेल्या कामास स्त्रियांची उन्नति म्हणणें आम्हांस अवघड वाटतें.

आणि आमच्याकडे या मजुरीवर बरेंच अवलंबून आहे. आमच्या तालुक्यांत भाताचें एकच पीक. भात झोडून झालें कीं कातकरी, ठाकूर व इतरहि गरीब कुटुंबें उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात. मुलें बरोबर जातात. हजेरीपटांत कार्तिकापासून गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात, व त्यांतील कांहीं मुलें परत येतात तीं वर्गांत बसण्याच्या स्थितींत नसतात. पाड्यावरच्या पांच-सात बायकांस हिवाळ्या-उन्हाळ्याचे सहा महिने घराजवळ नियमित शिवणकाम मिळालें, तर भट्टीची उचल घेण्याचें एक कारण कमी होईल. शिवणकाम सर्वच भट्ट्या बंद करील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाड्यांतील चार मुलें जरी त्यामुळें वर्गांत राहिलीं, तरी तें थोडें नव्हे.

कोणी म्हणेल, कपडा महाग होईल आणि गरीब पालकांनींच तो भार कां सोसावा? शंका योग्य आहे. भट्टीवर जाणाऱ्या बापाकडून आम्ही एक पैसाहि अधिक मागत नाहीं. जेथें सरकार कपडा देतें तेथें सरकारानें द्यावा. परंतु आमच्यासारख्या हायस्कुलांतील नोकरदार व दुकानदार पालकांस एका गणवेशामागें पन्नास रुपये अधिक शिलाई जड जाऊं नये. मात्र त्याबद्दल त्यांनीं दया म्हणून वांकडी टीप पत्करूं नये. शिवण उसवली तर परत करावी, माप चुकलें तर दुरुस्त करून घ्यावें, व काम नीट झालें तर पैसे त्याच दिवशीं मोजावे. बचत गटाच्या बाईस गिऱ्हाईक हवें आहे, आश्रयदाता नको.

एक सूचना शाळांस. गणवेशाची मागणी आपण मे महिन्यांत करितों, आणि मग घाईचें काम मोठ्या कारखान्याकडेच जातें. तीच मागणी दिवाळीच्या सुटीपूर्वीं, निम्मे पैसे आगाऊ देऊन, जवळच्या गटाकडे नोंदविली, तर शिलाईचे महिने नेमके वीटभट्टीच्या महिन्यांवर येतील, व तो आगाऊ पैसा उचलीच्या जागीं उपयोगी पडेल. दिवाळींत माप दिलेलें मूल जूनपर्यंत वाढेल, ही अडचण कोणी पुढें करील. तिची तोड आमच्या जुन्या शिंप्यांस ठाऊक होती. ते मुलांच्या कपड्याच्या शिवणींत दोन बोटें माया ठेवीत असत.